काट्याची साक्ष

मोटारीच्या डॅशबोर्डावर वेगाच्या मोठ्या तबकडीशेजारी एक लहान तबकडी असते. इंजिनातले पाणी किती तापले ते तिच्यातला काटा सांगतो. हा काटा कुठून आला, आणि जुन्या गाडीत तो भलतेसलते सांगू लागला म्हणजे खऱ्याखोट्याचा निवाडा कसा करावयाचा, एवढाच आमचा आजचा विषय आहे. ज्या व्यासपीठावरून आपण वेदान्त, साहित्य आणि परराष्ट्रनीती ऐकता, तेथे गॅरेजातला विषय आणावा काय, असे एका स्नेह्यांनी आम्हांस विचारलेही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांच्या कानांवर चार शहाणपणाच्या गोष्टी पडाव्यात म्हणून. त्या गोष्टी हात काळे करणाऱ्या धंद्यातल्या नसाव्यात, असा नियम त्यांनी घातल्याचे आमच्या वाचनात नाही.

चालक, क्लीनर आणि गॅरेजकामगार यांच्या संघटनेच्या कामात आम्ही तीस वर्षे घालविली. या एवढ्याशा काट्यापायी कित्येकांचे पगार कापले गेलेले आम्ही पाहिले. इंजिन जळाले की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: काटा कुठे होता? काटा खरे बोलत होता काय, हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे हे एके काळी, दुसऱ्या एका यंत्राच्या बाबतीत, फार स्पष्टपणे ठरलेले होते. तेथूनच आरंभ करू.

ते यंत्र म्हणजे वाफेचा बॉयलर. बॉयलरात दाब किती आहे हे दाखविणारा काटा पॅरिसच्या यूजीन बूर्दों या कारागिराने १८४९ साली पेटंट केला. जत्रेत मुले फुंकतात ती कागदाची गुंडाळलेली पिपाणी आपण पाहिली असेल. फुंकर घातली की ती उलगडते. बूर्दोंची नळी नेमके हेच करते. चपटी, वाकवलेली धातूची नळी. आत दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते, आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. आगगाडीचे इंजिन, गिरणीचा बॉयलर, आगबोट, सगळीकडे ही नळी पोचली. ती पोचली तरी बॉयलर फुटावयाचे थांबले नाहीत. मँचेस्टरात १८५४ साली बॉयलर वापरणाऱ्या मालकांनीच संस्था काढून तपासनीस नेमले. आपल्याकडे १८६३ साली कलकत्त्यास बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले, आणि अखेर १९२३ साली सबंध देशासाठी भारतीय बॉयलर कायदा झाला. सरकारी तपासनिसाचा दाखला असल्याखेरीज बॉयलर पेटवावयाचा नाही, आणि दाबाच्या काट्यावर कमाल दाबाची खूण हवी, अशी शिस्त बसली. गिरणीतल्या बॉयलरवाल्याला आपला काटा खरा की खोटा याची चिंता एकट्याने वाहावी लागत नसे. त्या काट्यामागे सरकारी शिक्का उभा असे.

मोटारीच्या काट्यामागे असे कोणी कधीच उभे राहिले नाही. गाडीला योग्यतेचा दाखला देताना ब्रेक पाहतात, दिवे पाहतात. पाण्याचा काटा ही मालकाची खाजगी बाब राहिली. याचे कारण उघड आहे. बॉयलर फुटला तर माणसे मरतात, मोटारीचे इंजिन तापले तर फक्त इंजिन मरते. इंजिनाबरोबर कोणाचा तरी पगारही मरतो, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही.

मोटारीच्या आरंभी तर काटाच नव्हता. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि जितके गेले तितके पुन्हा ओतावयाचे, असा हिशेब होता. १८८८ साली त्याची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्या गाडीने गेली, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी थांबून तिने पाणी भरले. पाणी उकळत आहे हे डोळ्यांना दिसत असता काटा हवा कोणाला? १९०१ च्या मर्सिडीझ गाडीसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. तेच पाणी पुन्हापुन्हा फिरू लागले, पत्र्याआड गेले, आणि ते किती तापले हे दिसेनासे झाले. काट्याची गरज त्या दिवशी उत्पन्न झाली.

ती गरज अमेरिकेत हॅरिसन बॉइस याने १९१२ च्या सुमारास भागविली. त्याच्या मोटोमीटरमध्ये यंत्र म्हणावे असे काहीच नव्हते. रेडिएटरच्या झाकणावर बसविलेला तो एक थर्मामीटर होता. रंगीत द्रवाची उभी रेघ बॉनेटच्या टोकाला, चालकाच्या डोळ्यांसमोर. फोर्डच्या मॉडेल टी गाडीवर लोक तो पदरचे पैसे खर्चून बसवीत. आम्हांला या मोटोमीटरचे एक विशेष वाटते. ती रेघ चालकाला दिसे, शेजारी बसलेल्या मालकाला दिसे आणि रस्त्याने जाणाऱ्या पोरालाही दिसे. ती चौघांदेखतची साक्ष होती. ‘मी पाहिले नाही’ असे चालक म्हणू शकत नसे आणि ‘मला कोणी सांगितले नाही’ असे मालकही म्हणू शकत नसे. त्यातही खोट होतीच. थर्मामीटरची कुपी पाण्यात बुडालेली नसे, पाण्यावरच्या वाफेत लोंबकळत असे. म्हणजे पाण्याविषयीची साक्ष वाफ देई.

१९३० च्या आगेमागे ही रेघ नाहीशी झाली आणि काटा डॅशबोर्डावर आला. तेथवर येण्यासाठी त्याने जुनीच वाट धरली. इंजिनाच्या पाण्यात एक लहान कुपी, कुपीत ईथर, कुपीपासून तबकडीपर्यंत केसासारखी बारीक तांब्याची नळी, आणि तबकडीच्या पोटात बूर्दोंची पिपाणी. पाणी तापले की ईथरची वाफ दाबते आणि पिपाणी उलगडते. या व्यवस्थेत विजेचा संबंध नाही, बॅटरी उतरली तरी काटा चालतो. नळी कुठे घासली, तुटली की ईथर उडून जाते आणि काटा थंडावर पडतो तो पडतोच. त्याला पुन्हा उभा करावयाचा तर दुसऱ्या मीटरची भरलेली कुपी बर्फात बुडवून, ईथर द्रवरूप ठेवून, नळीला नळी डाखवावी लागते. हे काम करणारे मिस्त्री आता बोटांवर मोजण्याइतके उरले. पण त्या काट्याचा एक गुण होता: तो मरे तेव्हा सरळ मरे. थोडे खरे, थोडे खोटे असे तो बोलत नसे.

ती विद्या विजेच्या काट्याने आणली. आणि विजेच्या काट्याची जी मूळ कल्पना, तिच्या मागे आमच्यासारख्यांच्या जिव्हाळ्याचा एक माणूस उभा आहे. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी बुकबाइंडराकडे उमेदवारीला लागला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचून शहाणा झाला. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेने ती व्याख्याने टिपून घेतली, टिपणे स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठविली. पुढच्या वर्षी तो तेथे मदतनीस झाला. व्याख्यान ऐकून काय होते असे विचारणाऱ्यांना आम्ही हा दाखला देतो. याच फॅरेडेला १८३३ साली दिसून आले की, रुप्याचा गंधकाशी झालेला एक संयोग तापला म्हणजे त्यातून वीज अधिक सुलभतेने वाहते. साध्या धातूचे याच्या उलट असते. या निरीक्षणाचा उपयोग काय, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. जवळजवळ शंभर वर्षांनी त्यातून थर्मिस्टर निघाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोटारींत तो इंजिनाच्या पाण्यात जाऊन बसला.

आता व्यवस्था अशी झाली. पाण्यात थर्मिस्टरचा सेन्सर. पाणी तापले की त्याचा अडसर कमी होतो आणि वायरीतून अधिक वीज वाहते. तबकडीत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, तिच्याभोवती तारेचे वेटोळे. वीज वाढली की पट्टी तापून वाकते आणि काटा सरकतो. परंतु बॅटरीचा दाब कधी १२ व्होल्ट, इंजिन पळू लागले की १४. मग पाणी तेवढेच तापलेले असता काटा वरखाली होणार. त्यावर विलायती कारखानदारांनी तोड काढली ती स्टॅबिलायझरची. फ्रिजमागे ठेवतो त्याचाच हा धाकटा भाऊ. काड्यापेटीएवढी डबी, वीज भराभर तोडीत-जोडीत सरासरी १० व्होल्ट ठेवते. पेट्रोलचा काटा आणि पाण्याचा काटा, दोघांनाही ही एकच डबी वीज पुरविते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे. याच सुमारास आणखी एक बदल झाला. तबकडीवरचे आकडे गेले आणि त्या जागी सी, एन, एच ही तीन अक्षरे आली: थंड, ठीक, गरम. चालकाला आकडा कळून करावयाचे काय, असा त्यामागे विचार असावा. आमच्या मते ही चालकाची किंमत कमी करण्याचीच रीत होती. आकड्याशी वाद घालता येतो, अक्षराशी येत नाही.

पाणी आणि चालकाचा डोळा यांच्यामध्ये आता सेन्सर, त्याच्या आट्या, वायर, डबी, डबीचे अर्थिंग, पट्टी आणि काटा एवढे मध्यस्थ आले. पूर्वी मधे एक काच होती.

येथे एक प्रकरण सांगतो. १९९३ साली भाड्याने गाड्या पुरविणाऱ्या एका पेढीतला आमचा एक सभासद मे महिन्यात प्रवासी घेऊन महाबळेश्वरला निघाला. गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी. गाडीचे नाव सांगत नाही, तिचा दोष नव्हता. वाईच्या पुढे पसरणीचा घाट चढताना वाफेचा वास आला. गाडी कडेला घेईतो हेडचे गॅस्केट उडाले होते. पेढीने दुरुस्तीचे ४,५०० रुपये त्याच्यावर लावले. पगार महिना १,४०० रुपये आणि त्यातून दरमहा २५० कापावयाचे, म्हणजे दीड वर्ष. कारण लेखी दिले होते: ‘काटा गरमवर असता गाडी चालविली.’ प्रवाशांपैकी एकाने तशी साक्षही दिली, आणि ती खरी होती. काटा गरमवरच होता.

तो चार महिने गरमवरच होता! चालकाने पहिल्याच आठवड्यात सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले की काटा वेडा झाला आहे, गाडी चालव. खोट्या काट्याचे खरे नुकसान ते हेच. लांडगा आला म्हणून रोज ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. येथे ओरडणारा काटा होता आणि लांडग्याने खाल्ला तो चालकाचा पगार.

वेतन प्रदान कायदा, १९३६, याप्रमाणे कामगाराच्या हयगयीने सरळसरळ झालेल्या नुकसानीपुरतीच कपात करता येई, आणि तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. हे म्हणणे ऐकवावयाचे तर काट्याचीच उलटतपासणी करणे प्राप्त होते. आमच्या संघटनेतले एक वयस्क मिस्त्री त्या कामी पुढे झाले. पेढीच्याच गॅरेजात, दोन्ही पक्षांसमक्ष, त्यांनी जे केले ते क्रमाने सांगतो, कारण जुन्या गाडीच्या काट्याचे निदान करण्याची तीच रीत आहे.

मिस्त्रींनी प्रथम कशालाही हात लावला नाही. त्यांनी विचारले, काटा कसा चढतो? झटक्याने की सावकाश? या प्रश्नात सारे गणित आहे. घाटाखालच्या सपाट रस्त्यावर असली गाडी तासाला सहा लिटर पेट्रोल जाळते असे धरा. लिटरमागे सुमारे पावणेआठ हजार किलोकॅलरी उष्णता, म्हणजे तासाला शेचाळीस हजार. तिचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यात जातो. म्हणजे मिनिटाला अडीचशे. इंजिनात पाणी सात लिटर, आणि शंभर किलो लोखंड, जे उष्णता पिण्याच्या बाबतीत अकरा लिटर पाण्याच्या बरोबरीचे. ही अठरा लिटरची पुंजी तीस अंशांनी तापवावयास पाचशे चाळीस किलोकॅलरी लागतात. रेडिएटरने काम सर्वस्वी सोडले तरी दोन मिनिटांवर वेळ गेला पाहिजे. म्हणून जो काटा दिवे लावताच उडी मारतो, खड्ड्यात चाक गेले की पडतो, तो पाण्याविषयी बोलतच नाही. तो एखाद्या सैल वायरीविषयी बोलतो. याला एक अपवाद आहे आणि तो धोक्याचा आहे. इंजिनात पाणी कमी होऊन सेन्सरभोवती घटकेत पाणी, घटकेत वाफ अशी पाळी आली, किंवा फुटलेल्या गॅस्केटमधून जळता वायू पाण्यात शिरला, तर काटा खरोखरच झुलतो. पाणी पार गेले तर सेन्सर कोरडा पडून काटा उलट थंडाकडे उतरतो, इंजिन मात्र जळत असते. म्हणून काटा नाचला की आधी पाणी पाहावे, मग वायर. आणि पाणी पाहावयाचे ते इंजिन निवल्यावर. गरम रेडिएटरचे झाकण फडक्याने उघडू जाऊन तोंड भाजून घेतलेले तीन चालक आमच्या माहितीत आहेत.

मिस्त्रींनी थंड इंजिनाचे झाकण काढले, पाणी काठोकाठ भरले, इंजिन चालू केले आणि रेडिएटरच्या तोंडात साधा काचेचा थर्मामीटर धरला. बॉइसचा मोटोमीटरच म्हणाना! पाणी ८० अंशांवर आले आणि डॅशबोर्डावरचा काटा एच अक्षराला जाऊन टेकला. काटा खोटा, हे पहिल्या पाऊण तासात ठरले. पण कोणामुळे खोटा? त्यांनी सेन्सरची वायर काढून हवेत धरली. काटा सावकाश थंडावर गेला. म्हणजे वाटेत वायर कुठे पत्र्याला घासून टेकलेली नव्हती. सेन्सर आट्यांतून सोडविला आणि पातेल्यातल्या गरम पाण्यात थर्मामीटरसह धरून मीटरने त्याचा अडसर मोजला. शेजारच्या चांगल्या गाडीच्या सेन्सरशी तो जुळला. मिस्त्रींनी आट्यांकडेही बोट दाखविले. पाणी झिरपू नये म्हणून आट्यांवर पांढरी फीत भरमसाट गुंडाळतात. त्या फितीने सेन्सरचे अर्थिंग तुटते आणि काटा खाली राहतो. येथे तसे नव्हते, काटा तर वर जात होता.

मग त्यांनी चालकाला विचारले, पेट्रोलचा काटा काय म्हणतो? हा प्रश्न पेढीच्या व्यवस्थापकांना अप्रस्तुत वाटला. चालकाने आपली वही काढली. टाकीत पाव टाकी पेट्रोल असता काटा अर्ध्याच्या वर दाखवितो, अशी नोंद तीन ठिकाणी, तारखेसह, होती. दोन्ही काटे एकदमच चढे बोलत होते. आणि दोघांना पाजणारी डबी एक. डबीचे अर्थिंग तिच्या पत्र्याच्या अंगातून डॅशबोर्डाच्या पत्र्याला होते. ते तुटले की आतले तोडणे-जोडणे थांबते आणि १० च्या जागी १४ व्होल्ट सरळ काट्यांना जातात. तार तापते ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मिस्त्रींनी डबी काढली. तिच्या खाली ताज्या रंगाचा थर होता. गाडीला चार महिन्यांपूर्वी आतून-बाहेरून रंग दिला होता. वहीतली पहिली तक्रार त्यानंतरच्या सहाव्या दिवसाची. पॉलिश पेपराने नाण्याएवढी जागा घासून पत्रा उघडा केला, डबी आवळली. काटा खाली येऊन एन अक्षरावर उभा राहिला. पेट्रोलचा काटाही खरे बोलू लागला.

तरी एक प्रश्न राहिला, आणि व्यवस्थापकांनी तो विचारला हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. काटा खोटा होता हे खरे. पण त्या दिवशी इंजिन खरोखर तापले ते का? रेडिएटर उतरवून त्यात पाणी सोडले, तर खालच्या निम्म्या नळ्यांतून धार येईना. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा क्षार साचून त्या बुजल्या होत्या. सपाटीवर उरलेल्या नळ्यांवर भागत असे. घाटात गाडी खालच्या गिअरात हळू चढते, वारा कमी मिळतो आणि इंजिन दुप्पट राबते, तेथे भागेना. त्यातच पाणी जितक्या उंचीवर जावे तितके लवकर उकळते: समुद्रकाठी १०० अंशांवर, खंडाळ्यास सुमारे ९८, महाबळेश्वरास ९५-९६. यासाठीच रेडिएटरला दाबाचे झाकण असते. सात पौंडांचे झाकण नीट बसले तर उकळी ११० अंशांपलीकडे जाते. या गाडीच्या झाकणाची स्प्रिंग मेलेली होती. अशा वेळी खरा काटासुद्धा फसवितो. तो ९७ अंश दाखवीत स्वस्थ असतो आणि पाणी खळखळत असते.

थर्मोस्टॅट तर त्या गाडीत नव्हताच. आपल्याकडे तो काढून टाकण्याची पद्धत फार. ही मेणाची डबी १९३० नंतरच्या काळात सर्जियस व्हर्ने याने अमेरिकेत सिद्ध केली. मेण वितळून फुगले की झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. ती बंद अवस्थेत अडकली की इंजिन तापते, म्हणून आपले लोक तिच्या नावाने बोटे मोडतात. पण काढून टाकली तर इंजिन हिवाळ्यात सकाळभर थंड राहते, पेट्रोल अधिक पिते आणि झिजते. शिवाय काट्याचा एक सांगाती जातो. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर सकाळी काटा ठरावीक जागेपर्यंत चढतो, झडप उघडताच किंचित उतरतो आणि तेथे राहतो. ही रोजची हजेरी होय. ती चुकली की चालकाला कळते. हमरस्त्यावर काटा पडतो आणि गावात चढतो, तर झडप उघडी अडकली. चढतो, मग धाडकन उतरतो, पुन्हा चढतो, तर झडप चिकटते आहे. गॅसवर पातेल्यात पाणी तापवून, तीत दोरीने थर्मोस्टॅट आणि शेजारी थर्मामीटर सोडला की पाच मिनिटांत निकाल लागतो. हे काम घरातल्या स्वयंपाकघरात करू नये एवढेच सांगतो. त्याचे परिणाम इंजिन तापण्याहून गंभीर होतात.

प्रकरण सुनावणीपर्यंत गेले नाही. कापलेले चार महिन्यांचे १,००० रुपये पेढीने परत केले आणि बाकीची कपात रद्द झाली. पैसे परत मिळाले ते मिस्त्रींच्या विद्येने जितके, तितकेच चालकाच्या वहीने. तो सातवी शिकलेला होता. रोजच्या किलोमीटरांशेजारी काट्यांची स्थिती लिहून ठेवण्याची सवय त्याला कोणी लावली नव्हती. ती त्याची स्वतःची. त्यानंतर आमच्या संघटनेने सभासदांना छापील वही दिली. तिच्यात पाण्याच्या काट्याचा एक रकाना आहे, आणि मालकाला कळविल्याची तारीख लिहावयाचा दुसरा.

आता त्या जुन्या गाड्या गेल्या. उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर २०१४ साली बंद झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. हौशी मंडळी त्या जपून ठेवतात आणि मिस्त्री शोधीत आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी वरची माहिती उपयोगी पडेल. नव्या गाड्यांत मध्यस्थ आणखी वाढला आहे. सेन्सर संगणकाला सांगतो आणि संगणक काट्याला. पुष्कळ गाड्यांत हा संगणक मुद्दाम असा बसविलेला असतो की, पाणी बऱ्याच अंशांनी वरखाली झाले तरी काटा मधोमध स्थिर राहावा, म्हणजे गिऱ्हाईक उगाच घाबरून गॅरेजात येत नाही. काही गाड्यांत काटा काढूनच टाकला आहे. निळा दिवा आणि तांबडा दिवा, बस. डबी बिघडून काटा खोटे बोले, त्याला दोष म्हणत. कारखान्यातून ठरवून अर्धे सांगणाऱ्या काट्याला सोय म्हणतात.

मात्र या नव्या व्यवस्थेत एक गोष्ट आमच्या बाजूची आहे. चालकाला दिसत नाही तो आकडा संगणकाला दिसतो, आणि बिघाडाच्या पुष्कळ खुणा तो आपल्या स्मृतीत लिहून ठेवतो. गॅरेजातले यंत्र जोडले की त्या वाचता येतात. पण त्या बॅटरी काढून वा यंत्राने पुसताही येतात. म्हणून इंजिन तापल्याचा ठपका चालकावर येईल तेव्हा गाडी दुरुस्तीला हात लागण्यापूर्वी, चालकासमक्ष, ही नोंद वाचावी आणि तिची छापील प्रत त्याला द्यावी, अशी मागणी आम्ही करतो. गेल्या दोन वर्षांत तीन पेढ्यांकडे ती केली. दोघांनी मान्य केली. तिसऱ्या पेढीशी पत्रव्यवहार चालू आहे.